संभाव्यतेचे सिद्धान्त: पाठांतर कीं गणना?

दहावीच्या बीजगणितांत नाणीं, फांसे व पत्ते यांच्या उदाहरणांनीं संभाव्यतेची ओळख होते. पुढें अकरावींत बेरजेचा व गुणाकाराचा सिद्धान्त येतो. पुष्कळ विद्यार्थी सूत्रें बिनचूक म्हणून दाखवितात; परंतु 'किंवा' दिसलें कीं बेरीज आणि 'आणि' दिसलें कीं गुणाकार, एवढाच बोध त्यांच्या पदरीं पडतो. सिद्धान्ताबरोबर त्याची अट शिकविली नाहीं, तर ज्ञान अपुरेंच राहतें, असें आम्हांस वाटतें.

आपल्या खडवलीचेंच एक उदाहरण कल्पूं. शंभर दिवसांपैकीं ३० दिवस पाऊस पडला, २० दिवस कल्याणकडे जाणाऱ्या गाडीस उशीर झाला, आणि १५ दिवस दोन्ही गोष्टी घडल्या, असें समजा. पाऊस किंवा उशीर असे दिवस किती? ३० व २० मिळून ५० म्हणणारा ते १५ दिवस दोनदां मोजतो. खरें उत्तर ३५. दोन घटना एकत्र घडूंच शकत नसतील, तरच नुसती बेरीज चालते.

गुणाकाराचेंही तसेंच. शेंकडा ३० चे शेंकडा २० घेतले तर ६ दिवस येतात. उदाहरणांत तर १५ आहेत. कारण, पाऊस व उशीर या घटना परस्परांपासून स्वतंत्र नव्हेत. पावसाच्या ३० दिवसांपैकीं १५ दिवस उशीर झाला. म्हणजे पाऊस असतां उशिराची संभाव्यता निम्मी. हीच सशर्त संभाव्यता होय. ३० चे निम्मे १५, आणि हिशेब जुळला.

आतां प्रश्न उलटा करूं. उशीर झाला असतां पाऊस असण्याची संभाव्यता किती? २० पैकीं १५, म्हणजे पाऊण. निम्मी आणि पाऊण एक नव्हेत! या उलट्या प्रश्नाचा विचार इंग्लंडांतील एक पाळक, थॉमस बेझ यांनीं केला. ते १७६१ सालीं निवर्तले. त्यांचा निबंध त्यांचे स्नेही, पाळक रिचर्ड प्राइस यांनीं १७६३ सालीं रॉयल सोसायटीपुढें आणिला.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. वर्गांत नक्कल करणारे पांच सांपडले व त्यांतील चार मागल्या बाकांवरचे निघाले, तर 'मागें बसणारे बहुतेक नक्कल करितात' असें लोक सहज म्हणतात. पण मागें वीस मुलें बसत असतील, तर उरलेल्या सोळांवर तो व्यर्थ आळ होय. खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा गणितासही लागू आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनीं सूत्र लिहिण्यापूर्वीं 'कशापैकीं किती?' हें आधीं मोजावें. आणि पालकांनींही कोणाविषयीं मत ठरवितांना हाच प्रश्न मुलांसमोर स्वतःस विचारावा.