पूर्वेच्या घरची पहाट

आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय कळताच एका माजी विद्यार्थ्याने विचारले, "सर, मराठीच्या प्राध्यापकाने कन्नड गीतावर का बोलायचे?" प्रश्न रास्त आहे, उत्तर देण्यासाठी कोप्पीकर रोडवर यावे लागेल.

१९६७ साली मी पी.यू.सी.ला होतो. त्या रस्त्यावरील एका चहाच्या दुकानात 'बेळ्ळी मोड' या चित्रपटातील पहाटेचे गीत रेडिओवर लागले, की गल्ल्यावरचे मालक सुटे पैसे मोजायचे थांबत. गीत सर्वांना पाठ होते. परंतु त्याचे कवी धारवाडचे असून त्यांच्या घरची भाषा मराठी आहे, हे आमच्या टेबलावरच्या चौघांपैकी एकालाच ठाऊक होते. तो मी नव्हतो!

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म धारवाडचा, १८९६ सालचा. 'अंबिकातनयदत्त' या टोपणनावात त्यांनी आईचे नाव जपले. सोलापूरच्या महाविद्यालयात ते १९४४ ते १९५६ पर्यंत कन्नडचे प्राध्यापक होते. मराठीतही त्यांनी लेखन केले. हे गीत मुळात चित्रपटासाठी रचलेले नव्हे. १९३२ च्या 'गरि' या संग्रहातील 'बेळगु' म्हणजे पहाट, ही ती कविता.

तिची प्रतिमा पाहा. पूर्व हे एक घर आहे. तेथे मोत्यांच्या पाण्याचा गुळगुळीत रस ओतला जातो, दार उघडते आणि उजेड जगभर वाहून त्याला भिजवतो. यातील 'एरक' हा शब्द ओतकामाचा, वितळलेला धातू साच्यात ओतणाऱ्या कारागिराचा. मराठीत 'ओतीव' म्हटले की मूर्ती डोळ्यांसमोर येते, पहाट येत नाही. पुढे कविता पाने, फुले, पक्षी अशी सर्व इंद्रियांना जागवत जाते आणि शेवटी कवी सांगतो, की ही नुसती पहाट नव्हे. शांतिरसच प्रेमाने साकार झाला आहे, असे तो म्हणतो.

१९७२ साली गिरीश कार्नाड यांनी बेंद्र्यांवर लघुपट केला. कार्नाडांच्या घरी कोकणी, नाटके कन्नडात. मराठी घरातल्या कन्नड कवीकडे पाहणारी ही नजरही शेजारच्या भाषेतून आलेली. बेंद्रे हे वाचण्याइतकेच ऐकण्याचे कवी असल्यामुळे त्यांच्याबाबतीत चित्रफितीचे मोल छापील चरित्राहून निराळे आहे. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

आपल्या मंडळींत "बेंद्रे मराठीने गमावले" असे म्हणण्याची प्रथा आहे. मीही वर्गात तसे एकदा म्हणालो. मागच्या बाकावरची एक मुलगी, घरी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलणारी, उठून म्हणाली, "सर, मग आम्हांलाही गमावलंच का?" त्या तासाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे ते वाक्य मी कधी उच्चारले नाही.

भाषांतराचा प्रयत्न मी अनेकदा केला आहे. 'एरक'पाशी दरवेळी लेखणी अडते, म्हणून आज तो मसुदा वाचत नाही. व्याख्यानानंतर शाळेच्या मुली ते गीत मूळ कन्नडातच म्हणतील.