आरोपीचे मन आणि न्यायालयाचा प्रश्न

एखाद्याच्या हातून कृत्य घडले एवढ्यावरून त्याने गुन्हा केला असे फौजदारी कायदा सहसा मानत नाही. कृत्यामागे कोणता हेतू होता आणि करणाऱ्याला त्याचा अर्थ उमगत होता का, हेही न्यायालयाला पाहावे लागते. मन पंचनाम्यात नोंदवता येत नाही, म्हणून मनोव्यापारांचा शास्त्रीय अभ्यास न्यायालयाच्या कामी आणणारी न्यायसहायक मानसशास्त्र ही शाखा निर्माण झाली. खोटे पकडणारी यंत्रे चालवणे हेच तिचे मुख्य काम, असा समज लोकांत पसरला आहे. वास्तविक तो या शाखेचा सर्वांत कच्चा भाग आहे आणि तिचे खरे मोल इतरत्र आहे.

मनोविकलतेच्या बचावाचे मूळ 1843 च्या इंग्लंडमधील मॅकनॉटन खटल्यात आहे. त्यातून निघालेले तत्त्व 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 84 मध्ये आले आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये ते कायम आहे. आजार असणे या बचावाला पुरेसे नसते. कृत्याच्या क्षणी त्या आजारामुळे आपण काय करत आहोत, किंवा ते चूक वा बेकायदेशीर आहे, हे कळण्यास आरोपी असमर्थ होता का, हा कायद्याचा प्रश्न असतो. डाह्याभाई ठक्कर खटल्यात (1964) सर्वोच्च न्यायालयाने हाच क्षण निर्णायक मानला. हा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला, तरी दिवाणी दाव्याप्रमाणे संभाव्यतेचे पारडे त्याच्या बाजूने झुकले तर पुरे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. तज्ज्ञाची अडचण अशी की तो आरोपीला भेटतो ते घटनेनंतर कित्येक दिवसांनी किंवा महिन्यांनी. त्यामुळे जुने उपचारांचे कागद, नातेवाइकांचे कथन, घटनेच्या आधीचे व नंतरचे वर्तन आणि मानसशास्त्रीय चाचण्या यांची सांगड घालून त्याला गेलेला क्षण पुन्हा उभा करावा लागतो, आणि आरोपी आजाराची बतावणी तर करत नाही ना, हेही तपासावे लागते. खटला समजून घेऊन स्वतःचा बचाव करण्यास आरोपी आज सक्षम आहे का, हा प्रश्न याहून वेगळा आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असले, तर खटला पुढे ढकलला जातो, आरोपी निर्दोष ठरत नाही.

मानसशास्त्रज्ञाच्या मतावर सर्वाधिक अवलंबून असते ते बहुधा अल्पवयीनांचे भवितव्य. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 15 नुसार, 16 वर्षे पूर्ण केलेल्या मुलावर घृणास्पद अपराधाचा, म्हणजे किमान 7 वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा, आरोप असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन बाल न्याय मंडळ करते, आणि त्यावरून खटला प्रौढाप्रमाणे चालवावा का हे ठरते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की मंडळावर बालमानसशास्त्राचा वा बालमनोविकारशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञाचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे. बुद्ध्यांक पुरेसा आहे म्हणून मुलाला परिणाम कळतात, हा निष्कर्ष न्यायालयाने अपुरा मानला, आणि ते योग्यच झाले. गणित सोडवू शकणारा मुलगा मित्रांच्या दडपणाखाली, रागाच्या भरात पुढचा विचार करू शकेलच, असे नाही.

शिक्षा ठरवतानाही हे ज्ञान लागते. महाराष्ट्रातून आलेल्या एका खटल्यात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, फाशी सुनावल्यानंतर जडलेला गंभीर मानसिक आजार हेही शिक्षा सौम्य करण्याचे कारण मानले. मध्य प्रदेशातील मनोज खटल्याच्या निकालात (2022) त्याने फाशीचा विचार असताना आरोपीच्या मानसिक मूल्यांकनाची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच मागवावी, असे बजावले.

आता यंत्रांविषयी. पॉलिग्राफ रक्तदाब, श्वास आणि त्वचेतील विद्युत्‌वहन मोजतो. खोटेपणा मोजत नाही, आणि भेदरलेल्या निरपराध माणसाचीही नाडी जलद चालते. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या चाचणीचा आधार दोषसिद्धीसाठी घेतला, तेव्हा जगभरातील शास्त्रज्ञांनी चिंता व्यक्त केली. 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ व मेंदू चाचण्या संमतीवाचून करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. त्यामागे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याचा, राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) मधील हक्क होता.

साक्षीदाराच्या स्मृतीबाबत मात्र या शास्त्राने भक्कम ज्ञान दिले आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये दाखवले की अपघाताच्या चित्रफितीविषयी विचारताना केवळ क्रियापद अधिक जोरकस वापरले, तरी पाहणाऱ्यांचा वेगाचा अंदाज वाढतो आणि न फुटलेल्या काचाही काहींना आठवू लागतात. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाचा जबाब घेताना सूचक प्रश्न किती घातक ठरतात, हे यावरून उमजावे.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 खाली तज्ज्ञाचे मत ग्राह्य असले, तरी न्यायाधीशांवर ते बंधनकारक नसते. वजन असते ते त्यामागील कारणांना. म्हणून अहवालात किती भेटी झाल्या, कोणत्या चाचण्या वापरल्या आणि त्या कोणत्या समाजासाठी प्रमाणित झाल्या आहेत, हे नोंदवणे अगत्याचे आहे. शहरी, सुशिक्षित लोकांवर बेतलेली चाचणी गडचिरोलीतील गोंडी किंवा नंदुरबारमधील भिली बोलणाऱ्या आरोपीला दुभाष्याविना दिली, तर कमी आलेले गुण त्याच्या मनाविषयी काहीच सांगत नाहीत, आणि बचाव पक्षाच्या वकिलाने उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.