टर्बो गाडी रीमॅप करताय? आधी फ्युएल पंप पुरेल का ते बघा

लातूर-नांदेड रस्त्यावर मोकळा पट्टा लागला की टर्बो पेट्रोल गाडीवाल्याला आणखी पॉवर हवीशी वाटते. रीमॅप तासाभरात होतो. पण हवा वाढली की पेट्रोलही त्या प्रमाणात वाढावं लागतं. पंप कमी पडला तर मिश्रण पातळ होतं, इंजिन नॉक करतं आणि पिस्टन वितळू शकतो.

गणित सोपं आहे. फुल थ्रॉटलला 1 एचपीमागे तासाला साधारण 250 ग्रॅम पेट्रोल धरतात. गाडी 115 वरून 150 एचपीवर नेली, तर सुमारे 50 लिटर. ई20 असेल तर आणखी 6-7 टक्के, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी (ऊस आपल्याच लातूरचा असला तरी!). वर 20 टक्के राखीव धरले की तासाला 65 लिटर.

पंपावरचा आकडा मात्र ठरावीक दाबाचा असतो. दाब वाढला की प्रवाह घटतो. म्हणून खरी परीक्षा डायनोवरच. तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल देऊन ओबीडी स्कॅनरवर इंधनाचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब बघायचा. वरच्या आरपीएमला प्रत्यक्ष दाब मागे पडला, तर पुरवठा अपुरा.

लगेच नवा पंप घेऊ नये. तुंबलेला फिल्टर किंवा पंपाला मिळणारं कमी व्होल्टेजही हेच लक्षण दाखवतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पंप दोन असतात, टाकीतला आणि इंजिनवरचा. दोन्ही तपासावे लागतात. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. मे महिन्यात रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांचा पंप आधीच थकलेला असू शकतो.