उबवणीची अंडी दुसऱ्या राज्यात पाठवताय? आधी कागद, मग ट्रे



तुम्ही कोल्हापुरात गावरान किंवा कडकनाथची उबवणीची अंडी विकताय आणि बेळगाव किंवा पणजीहून २०० अंड्यांची ऑर्डर आली, तर आनंद होणारच. पण ॲडव्हान्स घेण्याआधी दोन फोन करा.

का? कारण उबवणीचं अंडं म्हणजे किराणा नाही. पुलोरम, मायकोप्लाझ्मा असे आजार कोंबडीतून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात जातात. त्यात बर्ड फ्लूची भीती. भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबारच्या नवापूरला सापडला. साथ आली की केंद्राच्या कृती आराखड्यानुसार १ किलोमीटरचा भाग बाधित क्षेत्र आणि त्यापुढे १० किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र ठरतं. बाधित क्षेत्रातून पक्षी, अंडी बाहेर जाऊ देत नाहीत. शेजारचं राज्यही सीमेवर बंदी घालू शकतं. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यात तपासणी नाक्यांचीही तरतूद आहे.

मग करायचं काय?

१. पहिला फोन माल जिथे जाणार तिथे. त्या राज्याच्या पशुसंवर्धन खात्याला विचारा: आज बंदी आहे का, परवानगी लागते का, कोणता दाखला चालतो? ग्राहक तिथलाच असतो, त्यालाच चौकशी करायला सांगा आणि उत्तर लेखी मागवा. वाटेत तिसरं राज्य लागत असेल तर तिथलंही बघा.

२. दुसरा फोन आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. कळप निरोगी आहे आणि परिसरात साथीचे निर्बंध नाहीत, असा आरोग्य दाखला मागा. तारीख ताजी हवी. मागच्या महिन्याचा कागद दाखवून भागेल असं धरू नका.

३. बिल करा. कवचासह अंड्यांवर जीएसटी शून्य आहे. पण कर नाही म्हणजे कागद नको, असं नाही! बिलावर "उबवणीची अंडी", संख्या आणि दोन्ही पत्ते स्पष्ट लिहा.

४. दिवस मोजा. अंडी १५ ते १८ अंश तापमानात, टोकदार बाजू खाली ठेवून, साधारण ७ दिवसांच्या आत मशीनमध्ये जायला हवीत. नाक्यावर दोन दिवस गाडी उन्हात थांबली तर अंडी फुटणार नाहीत, पण पिल्लं कमी निघतील. आणि ते ग्राहकाला कळणार २१ दिवसांनी!

म्हणून शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: नुकसान कोणाचं, हे आधी ठरवा. बर्ड फ्लूमुळे सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची आणि अंड्यांची भरपाई मिळते, पण रस्त्यात रखडलेल्या तुमच्या पार्सलचा विचार त्यात नाही. बंदी आली तर पूर्ण पैसे परत की पुढची तारीख? उबवणीची हमी किती टक्के, की अजिबात नाही? व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून ग्राहकाचं "ओके" घ्या.

दोन फोन, एक दाखला, दोन ओळी. एवढं झालं की मगच ट्रे भरायला घ्या.