पावकी, दिडकी आणि परिमेय संख्या

बोरीवली स्थानकाबाहेरच्या बाजारात सायंकाळी पाव किलो गवार, दीड डझन केळी आणि सव्वाशे रुपयांची फळे घेणारा ग्राहक परिमेय संख्यांचे गणित करीत असतो. घरी परतताना रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरसाठी लागते आणि मध्यरात्र उलटली की भाडे सव्वापट होते. या संख्यांवाचून शहरातील कुणाचाही दिवस पार पडत नाही. मात्र 'बालभारती'च्या आठवीच्या गणितात 'परिमेय व अपरिमेय संख्या' हे पहिले प्रकरण उघडले की याच संख्या अनेक विद्यार्थ्यांना परक्या वाटू लागतात.

व्याख्या अवघड नाही. जी संख्या दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात लिहिता येते आणि जिचा छेद शून्य नसतो, ती परिमेय. पाच ही ५/१ असल्याने परिमेय, उणे पाऊण म्हणजे –३/४ हीदेखील परिमेय. अडचण लिहिण्याच्या रीतीत आहे. रेघेच्या वर एक अंक, खाली दुसरा. त्यामुळे मुलाला तेथे दोन संख्या दिसतात. मग १/२ आणि १/३ यांची बेरीज करताना तो वरचे वर, खालचे खाली मिळवतो आणि २/५ असे उत्तर लिहितो. दोन पंचमांश तर अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात काही मिळवल्यावर ते घटले कसे, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण २/५ ही एक संख्या आहे हे त्याच्या मनात ठसलेलेच नसते. दोन्हींचे सारख्या आकाराचे तुकडे केले, म्हणजे अर्ध्याचे तीन षष्ठांश आणि तृतीयांशाचे दोन षष्ठांश केले, की उत्तर पाच षष्ठांश येते. समच्छेद करणे म्हणतात ते एवढेच.

येथे मराठी भाषा मुलांच्या मदतीला येऊ शकते. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सुटे, स्वतंत्र शब्द आहेत. 'तीन छेद चार' म्हटले की दोन अंक डोळ्यांपुढे येतात. 'पाऊण' म्हटले की एकच राशी. 'पाऊण' हा शब्द संस्कृत 'पादोन'वरून आला. पाद म्हणजे चौथा हिस्सा, ऊन म्हणजे कमी. पावणेदोनशे म्हणताना दोनशेतून शंभराचा चतुर्थांश वजा होतो, हे गणित भाषेनेच करून ठेवलेले आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या उपनगरातील पुष्कळ मुलांना आज आजीचे पावणेदोनशे उलगडून सांगावे लागते. ही हानी केवळ शब्दांची नाही.

जुन्या मराठी शाळांत अपूर्णांकांचे पाढेही पाठ करून घेत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. ('औट घटकेचे राज्य' यातील औट तोच.) त्या घोकंपट्टीला नावे ठेवणे सोपे आहे, पण औटकी येणाऱ्या मुलाला साडेतीन ही दोन, तीन, चार यांच्याच पंक्तीतील संख्या वाटे, हे विसरता कामा नये.

या पाढ्यांत तृतीयांशाचा पाढा मात्र नाही. व्यवहार अर्ध्या-पावाचा होता. रुपयाचे आणे सोळा आणि शेराची छटाकेही सोळा. सोळाचे निम्मे आठ, त्याचे चार, त्याचे दोन; निम्मे करत गेले तरी एकपर्यंत काही उरत नाही. रुपयाचे तीन समान वाटेही नेमके होत. आण्याच्या पै बारा, म्हणजे रुपयाच्या १९२. तिसरा हिस्सा ६४ पै, अर्थात पाच आणे चार पै.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि हा हिशेब उलटला. पूर्वी न जमणारा पाचवा हिस्सा वीस पैशांत बसू लागला. तिसरा हिस्सा मात्र ३३.३३... असा कधी न संपणारा झाला. संख्या तीच, १/३; बदलले ते तिला मोजण्याचे माप.

दशांश अपूर्णांकांचा नियमही हाच. दहाचे मूळ अवयव दोन आणि पाच. अतिसंक्षिप्त रूपातील छेदात यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल तरच दशांश रूप खंडित होते. ३/८ म्हणजे ०.३७५. छेदात तीन किंवा सात आले की भागाकार संपत नाही, पण भरकटतही नाही. सातने भागताना बाकी एक ते सहा यांपैकीच उरू शकते. म्हणून फार तर सहा पायऱ्यांनंतर जुनी बाकी पुन्हा येते आणि अंकांचा तोच क्रम सुरू होतो. १/७ मध्ये १४२८५७ हे सहा अंक अखंड फिरत राहतात.

याच कसोटीवर वर्तुळाचा 'पाय' नापास होतो. त्याचे दशांश रूप संपत नाही आणि त्यात अंकांचा कोणताही गट असा आवर्ती होत नाही. तो अपरिमेय आहे. शाळेत त्याच्या जागी घेतात ती २२/७ ही सोयीची परिमेय संख्या. २२/७ म्हणजे ३.१४२८..., तर पाय म्हणजे ३.१४१५...; तिसऱ्या दशांश स्थळीच दोघांची फारकत होते.