चाकांचा आकार आणि स्पीडोमीटर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठ्या रिमची अलॉय चाके बसवली की मोटारीचा स्पीडोमीटर हमखास चुकतो, हा समज रूढ असला तरी स्पीडोमीटरचा रिमशी थेट संबंध नसतो. हे उपकरण चाकाचे, किंवा चाकांना फिरवणाऱ्या गिअरबॉक्समधील शाफ्टचे, फेरे मोजते आणि एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते याचा कारखान्यात ठरवलेला आकडा धरून त्यांचे वेगात रूपांतर करते. म्हणून महत्त्व असते ते टायरसह चाकाच्या बाहेरील व्यासाला. टायरवरील ‘१८५/६५ आर १५’ या खुणेत १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे टायरच्या बाजूच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास असतो, आणि त्यावरून एकूण व्यास ६२१.५ मिमी येतो. त्याऐवजी १९५/५५ आर १६ बसवल्यास रिम इंचाने वाढूनही व्यास ६२०.९ मिमी, म्हणजे जवळजवळ तोच राहतो. उलट रिम तीच ठेवून २०५/६५ आर १५ बसवल्यास तो ६४७.५ मिमी होतो आणि सुमारे ४.२ टक्क्यांची चूक शिरते.

मोठ्या टायरमुळे काटा जास्त वेग दाखवतो, हा समज तर उलटाच आहे. मोठे चाक किलोमीटरमागे कमी फेरे घेते, वरील उदाहरणात ५१२ ऐवजी ४९२, त्यामुळे काटा पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवतो, आणि चालकाच्या दृष्टीने धोक्याची दिशा हीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक ३९ नुसार दर्शवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये, मात्र खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ४ किमी इतका जास्त चालतो. म्हणूनच कारखान्यातून येणारे स्पीडोमीटर बहुधा थोडे वाढवून दाखवतात. टायर बदलल्यावर काटा जीपीएसशी जुळू लागला, म्हणजे सगळे बरोबर झाले, असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण तेव्हा ही राखीव सवलत खर्च झालेली असते आणि एकूण अंतर नोंदवणाऱ्या ओडोमीटरला तशी सवलत सहसा दिलेलीच नसते. वरील गाडी १०,००० किमी धावली तरी त्यावर सुमारे ९,६०० किमीच नोंदले जातात, सर्व्हिसिंग लांबते आणि इंधनाचे ॲव्हरेज घटल्याचा भास होतो.

काटा काढून थोडा पुढे बसवणे ही दुरुस्ती नव्हे, कारण चूक प्रमाणाने वाढते, तर सरकवलेला काटा प्रत्येक वेगाला सारखीच भर घालतो. तो एका वेगाला जुळला की इतरत्र चुकतो. दुरुस्ती फेऱ्यांच्या मोजणीतच करावी लागते. केबलच्या जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधील स्पीडोमीटरचे पिनियन, म्हणजे केबल फिरवणारे छोटे दातेरी चाक, बदलता येते, आणि २५ दात्यांच्या जागी २४ दात्यांचे बसल्यास केबल ४.२ टक्के अधिक फिरते. इलेक्ट्रॉनिक गाड्यांत निर्मात्याने सोय ठेवली असेल तर संगणकातील टायरच्या परिघाचा आकडा बदलतात. ती नसल्यास, वेगाचा संदेश स्वतंत्र सेन्सरकडून येणाऱ्या गाड्यांत, त्याचे स्पंद वाढवून देणारे उपकरण वायरिंगमध्ये जोडता येते.

पडताळणी सपाट, सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना जीपीएसशी करावी, कारण वेग बदलत असताना जीपीएसचा आकडा मागे राहतो. ओडोमीटर मात्र महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी वेगळा ताडून पाहावा. नव्या टायरची ८ मिमी खोल नक्षी झिजून १.६ मिमीच्या कायदेशीर मर्यादेला येईपर्यंत वरील व्यास जवळपास १३ मिमी, म्हणजे दोन टक्के घटतो, त्यामुळे एक-दोन टक्क्यांच्या फरकासाठी वायरिंगला हात लावण्याचे कारण नाही.