सीडी वाजली, म्हणजे डेटा मिळाला का?

बोलीभाषा, लोकगीतं किंवा मौखिक इतिहासावर काम करणार असाल, तर कधी ना कधी कुणीतरी तुमच्या हातात जुनी सीडी ठेवणारच. मला दारव्ह्याच्या एका घरातून दोन मिळाल्या. दोन्हीवर एका आजोबांच्या वऱ्हाडी गप्पा, बऱ्याचशा शकुंतला रेल्वेच्या. आजोबा आता नाहीत, म्हणजे मुलाखत पुन्हा घेणं शक्य नाही.

घरातल्या जुन्या प्लेअरवर पहिली सीडी वाजली. दुसरी फिरत राहिली, आवाज नाही. "खराब झाली असन, फेकून द्या," घरचे म्हणाले. ती खराब नव्हती, फक्त वेगळ्या प्रकारची होती.

दोन सीड्या, दोन प्रकार

पहिली होती ऑडिओ सीडी. 1982 साली बाजारात आलेला हाच मूळ प्रकार. यात आवाजाचं दर सेकंदाला 44,100 वेळा मोजमाप होतं, प्रत्येक मोजमाप 16 बिटचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार करा: सेकंदाला 14,11,200 बिट. म्हणून एका सीडीवर 74 ते 80 मिनिटंच मावतात. जुन्या प्लेअरला एवढंच वाचता येतं.

दुसरी डेटा सीडी, तिच्यावर एमपीथ्री फाइली. त्या वाजवायला प्लेअरला आधी फाइल शोधावी लागते, मग ती उलगडावी लागते. ज्या प्लेअरवर 'एमपीथ्री' असं छापलेलं असतं, त्यालाच सहसा हे जमतं. 128 केबीपीएसची एमपीथ्री मूळ आवाजाच्या साधारण अकरावा हिस्सा जागा घेते, त्यामुळे त्याच सीडीवर सुमारे 12 तास बसतात.

ही जागा वाचते कशी? कानाला जाणवणार नाही असा भाग टाकून देऊन. ऐकायला ठीक. पण मोजायला? वऱ्हाडीत 'काळा'चा 'काया' होतो, हे एमपीथ्रीवरही कळेल. 'चार' आणि 'चाक' यांतल्या दोन 'च'मधला फरक मोजायचा असेल तर जपून, कारण अशा घर्षणाच्या ध्वनींची बरीच ऊर्जा वरच्या वारंवारितांमध्ये असते आणि 128 वर साधारण 16,000 हर्ट्झच्या वरचं बहुतेक कापलं जातं. नंतर त्याची वेव्ह फाइल केली किंवा ऑडिओ सीडी बर्न केली, तरी गेलेलं परत येत नाही.

कॉपी-पेस्टचा सापळा

ऑडिओ सीडी विंडोजमध्ये उघडली की 'ट्रॅक01.सीडीए' अशा फाइली दिसतात. त्या कॉपी करून निश्चिंत होऊ नका. प्रत्येक फक्त 44 बाइटची असते. तिच्यात आवाज नाहीच, ट्रॅक कुठे सुरू होतो याची नोंद आहे. आवाज वेगळा काढावा लागतो, त्याला रिपिंग म्हणतात.

प्लेअर चूक लपवतो

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सीडीवर चुका दुरुस्त करणारी जादा माहिती असते. ट्रॅकच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा ती पूर्ण भरून काढते. त्यापेक्षा मोठा असेल, तर प्लेअर आजूबाजूचे आकडे बघून मधला आवाज अंदाजाने भरतो. तुम्हाला सांगतही नाही! डेटा सीडीवर दुरुस्तीचा आणखी एक थर असतो, आणि तिथे वाचता आलं नाही तर कॉम्प्युटर सरळ एरर देतो. ऑडिओ सीडी मात्र गप्प राहते. म्हणून "वाजली" हा पुरावा नव्हे.

मग करायचं काय?

- ऑडिओ सीडी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'सारख्या सॉफ्टवेअरने सिक्युअर मोडमध्ये रिप करा. ते तोच भाग पुन्हा वाचून पडताळतं. फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा.
- डेटा सीडीची पूर्ण इमेज घ्या. एमपीथ्री ही एमपीथ्रीच ठेवा.
- चेकसम काढा, दोन ठिकाणी प्रती ठेवा.
- मूळ प्रकार, बिटरेट आणि न वाचलेले सेकंद वहीत लिहा. प्रबंधात हे पद्धतीच्या प्रकरणात येईल.
- बर्न केलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उजेडाने आणि उष्णतेने बिघडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात ती खिडकीत ठेवू नका.

गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पातल्या जात्यावरच्या ओव्या आज 'पारी'वर ऐकता येतात, कारण कुणीतरी तो आवाज नीट जपला. तुमच्या प्रश्नापुरता डेटा तुम्ही वापराल. पुढच्या माणसाचा प्रश्न वेगळा असेल, त्याला मूळ आवाज लागेल.

दारव्ह्याच्या दोन्ही सीड्या आता व्यवस्थित उतरवून झाल्या आहेत. पहिलीत सहा सेकंद वाचता आले नाहीत. ते तसेच नोंदवले आहेत. आणि एक प्रत घरच्यांना दिली, त्यांच्या मोबाइलवर वाजेल अशी.